सोडत

फेब्रुवारीभर मी पहाटे साडेतीनला फोन उशीखाली सारत होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा संध्याकाळचे पाच वाजतात. विभागांची कार्यालयं बंद होतात आणि आज तिकडून काही येत नाही, एवढं नक्की होतं. कॅलिफोर्निया अजून जागा असतो. तिथले पाच म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे चालतं आणि कॅलिफोर्निया साडेतेरा तास. त्यामुळे त्यांचा कामाचा दिवस नेमका माझ्या रात्रीवर येऊन बसला. इकडे दिवेलागण झाली की तो सुरू व्हायचा आणि गोठ्यातल्या धारा काढून होईपर्यंत संपायचा नाही.

मी आठ अमेरिकी विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या पीएच.डी.साठी अर्ज केले आहेत. मुदती १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान होत्या. जानेवारीत समित्या अर्ज वाचतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत निर्णय येतात. कोणत्या दिवशी, ते कुणी सांगत नाही. सर्वेक्षणाचं काम डिसेंबरात संपलं होतं. पुण्यात खोलीभाडं भरून वाट बघत बसण्यापेक्षा मी गावी आले.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. या दिवसांत कारखान्यांचा हंगाम असतो. रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यानं जातात. त्यांच्या डेकचा आवाज लांबून येतो, वाढतो, घराच्या भिंतीला लागतो आणि पुलाकडे विरून जातो. मी वाकळ पांघरून सोप्यात बसलेली असायचे. ट्रॅक्टर गेला की परत शांतता, परत फोन.

अण्णा साडेचारला उठतात. मला जागी बघून पहिल्या दिवशी त्यांना काळजी वाटली होती. नंतर सवय झाली. बादली घेऊन जाता जाता विचारायचे, "आलं का गं?"

"नाही अण्णा, अजून नाही."

"बरं. चहा टाक मग."

काय येणार आहे, कुठून, कुणाकडून, हे त्यांनी कधी खोलात विचारलं नाही. पण गेल्या सात आठवड्यांत एकही दिवस त्यांनी तो प्रश्न चुकवला नाही. त्यांच्या प्रश्नामुळे मला कळलं की वाट मी एकटी बघत नव्हते. आई देवापुढे काही जास्तीचं पुटपुटत होती. शेजारच्या वहिनी भाकरी नेऊन द्यायच्या निमित्तानं माझ्या चेहऱ्याकडे बघून जायच्या.

पैशाचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर असते. डिसेंबरात डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला. आठपैकी तीन ठिकाणी माझी फी माफ झाली, पाच ठिकाणी भरावी लागली. अण्णांनी विचारलं तेव्हा मी ९० डॉलरच्या एका फीचे ८,१०० रुपये सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे २४० लिटर." आमच्या डेअरीवर गायीच्या दुधाला लिटरला ३४ रुपये मिळत होते. तीन गायी मिळून दिवसाला वीस-बावीस लिटर देतात. एक अर्ज म्हणजे अकरा दिवसांचं दूध, तेही चारा-पेंड न धरता. माझ्या साठवलेल्या पगारातून बरीचशी फी गेली, पण त्या दिवसापासून मला प्रत्येक विद्यापीठ लिटरमध्ये दिसू लागलं. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची फी वेगळी. जीआरई ही प्रवेशपरीक्षा कोविडनंतर बऱ्याच विभागांनी काढून टाकली, काहींनी ठेवली. माझ्या यादीत ठेवणारेही होते, म्हणून तीही.

मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. एकदा प्रवेश मिळाला तर साधारण पाच वर्षांची फी माफ असते, वर शिकवण्याच्या किंवा संशोधनात मदत करण्याच्या बदल्यात जगण्यापुरता स्टायपेंड मिळतो. माझ्यासारखीला परदेशी शिकायचा हाच एक रस्ता आहे. एम.ए.ला कर्ज काढून जाणं आमच्या घराला झेपणारं नाही. म्हणजे ज्या दारातून पैसे नसलेली माणसं आत जाऊ शकतात, त्या दाराबाहेर रांगेत उभं राहायलाच पैसे लागतात. माझ्या एम.ए.च्या वर्गात माझ्यापेक्षा चांगलं वाचणारी एक मैत्रीण होती. तिनं फीचा आकडा ऐकला आणि विषय बंद केला. ती आज एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेचं राज्यशास्त्र शिकवते. मी रात्री जागते तेव्हा ती मला पुष्कळदा आठवते.

अर्जात काय काय लागतं? एसओपी, म्हणजे आपल्याला काय शोधायचं आहे आणि ते त्याच विभागात का, हे दोन पानांत. तीन शिफारसपत्रं. गुणपत्रिका. आणि लेखनाचा नमुना, वीस-पंचवीस पानांचा, स्वतःच्या संशोधनाचा. माझे एक सर निवृत्त झालेत. त्यांचा कॉलेजचा ईमेल बंद पडला होता आणि साध्या जीमेलवरून आलेलं पत्र तिकडे खरं मानतील का, याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त धास्ती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. तरी त्यांनी फोनवर एका बोटानं दीड पान टाइप केलं, मुदतीच्या आदल्या रात्री. त्यात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, कारण ही पत्रं आपण वाचायची नसतात. आपल्याविषयी कुणीतरी मनापासून लिहिलेलं दीड पान परक्या देशातल्या एका समितीनं वाचायचं आणि आपण कधीच नाही, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

माझा उपविषय तुलनात्मक राजकारण. अमेरिकेत राज्यशास्त्राचे मुख्य भाग असे पडतात: अमेरिकी राजकारण, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धांत, आणि संशोधनपद्धती. त्यांचा स्वतःचा देश हा एक अख्खा विभाग आणि उरलेलं सगळं जग 'तुलनात्मक'. आमच्या गावची ग्रामपंचायत, नायजेरियातल्या निवडणुका आणि स्वीडनचं कल्याणकारी राज्य एकाच खणात येतात. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा खटकलं होतं. आता वाटतं, त्या खणात निदान शेजार चांगला आहे.

माझा प्रश्न मात्र त्या खणात जन्मला नाही. तो २०१० साली तहसील कार्यालयाच्या सभागृहात जन्मला, आणि तेव्हा मी दहा वर्षांची होते.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत होती. अण्णा गावातल्या चार-पाच जणांबरोबर निघाले, शाळेला सुट्टी होती म्हणून मलाही घेतलं. सभागृहात पंखे गरगरत होते आणि तालुक्यातल्या गावोगावचे पुरुष दाटीवाटीनं उभे होते. बाई एकही आठवत नाही. टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी. सर्वसाधारण गटातल्या गावांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून, सगळ्यांना दाखवून, सारख्या घड्या करून बरणीत टाकली. चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढतात, कुणाला शंका नको म्हणून. जवळच्या शाळेतून यायचं पोरगं आलं नव्हतं. टेबलामागच्या साहेबांनी समोर बघितलं आणि म्हणाले, "ए बाळ, तू ये." माझं गाव कोणतं, हे कुणी विचारलं नाही.

बरणीत हात घातल्यावर कागदांचा तो कोरडा स्पर्श मला आजही आठवतो. एक चिठ्ठी काढायची, साहेबांकडे द्यायची, ते उघडून वाचणार, 'सर्वसाधारण स्त्री' असं जाहीर करणार, मग पुढची. त्या वेळी महिलांना एक तृतीयांश पदं होती. महाराष्ट्रात ती निम्मी झाली पुढच्या वर्षी, २०११ मध्ये. पाचवी की सहावी चिठ्ठी उघडली आणि साहेबांनी आमच्या गावाचं नाव वाचलं.

मागून कुणीतरी एकच शब्द बोललं. "गेलं."

आमच्या गावात दोघं जण वर्षभर सरपंचपदाची तयारी करत होते. लग्नांत आहेर, जत्रेत वर्गणी, घराघरांत जेवणं. एका घडीच्या कागदानं ते सगळं संपलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये कुणी फारसं बोललं नाही. एकानं अण्णांकडे बघून म्हटलं, "पोरीचा हात लागला." तो रागावून म्हणाला की नुसतंच, ते मला कळलं नाही. अण्णांनी माझा हात हातात घेतला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

उमेदवार म्हणून शेवटी माझ्या धाकट्या काकीचं नाव पुढं आलं. म्हणजे घरातल्या पुरुषांनी आणलं. ती सातवी शिकलेली, सही करता येणारी, कमी बोलणारी. कमी बोलणारी हा तेव्हा गुण मानला गेला असावा. त्या काळी सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. काकी आधी सदस्य म्हणून निवडून आली आणि मग सरपंच झाली. गावात तिला नाव पडलं 'चिठ्ठीची सरपंच'. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण ऐकू येईल इतक्या अंतरावर म्हणायचे.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात बसून मी पहिल्यांदा वाचलं की आपल्याकडच्या या चिठ्ठ्यांवर जगभरचे संशोधक काम करतात. मी अक्षरशः खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभी राहिले. कारण असं: एखाद्या गावानं आपणहून बाईला निवडलं आणि तिथं कामं वेगळी झाली, तर तो फरक बाईमुळे पडला की गाव मुळातच वेगळं होतं म्हणून, हे सांगता येत नाही. पण चिठ्ठी गावाचं तोंड बघत नाही. ज्यांचं नाव निघालं आणि ज्यांचं नाही, ती गावं बाकी सगळ्या बाबतींत सरासरीनं सारखीच असतात. मग पुढं जो फरक दिसतो तो आरक्षणाचा. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ साली पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायतींवर असंच काम प्रसिद्ध केलं. स्त्रिया ज्या गोष्टींची मागणी जास्त करतात, त्यांवर राखीव पंचायतींनी जास्त खर्च केला होता. दोन्हीकडे पिण्याचं पाणी त्यात होतं. रिखिल भावनानी यांनी २००९ साली मुंबई महापालिकेचे वॉर्ड घेतले. १९९७ साली स्त्रियांसाठी राखीव असलेले वॉर्ड २००२ साली खुले झाले तेव्हा काय झालं? तिथं स्त्री निवडून येण्याची शक्यता, आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली.

पाचपट. मी तो आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'मग काकी परत उभी का राहिली नाही?'

माझा सगळा अर्ज म्हणजे ही एक ओळ आहे. २०१५ साली आमचं गाव दुसऱ्या प्रवर्गात गेलं. काकी घरी बसली. गावात सरपंचपद फिरतं, पाच वर्षांनी आरक्षण दुसरीकडं जातं, आणि काम शिकलेली बाई पुढच्या खेपेला अपात्र ठरते किंवा तिला कुणी विचारत नाही. मुंबईच्या वॉर्डात जे टिकलं ते कृष्णाकाठच्या गावात का टिकत नाही? पक्षाचं तिकीट नसतं म्हणून? घरातल्यांनी ठरवलेलं असतं म्हणून? की टिकतं, पण सरपंचपदात न दिसता बचत गटात, दूध संस्थेत, सोसायटीच्या संचालक मंडळात दिसतं, आणि आपण तिथं शोधतच नाही? सर्वेक्षणाच्या नोकरीत गावोगाव फिरताना मी कामाचे प्रश्न संपले की हा एक जास्तीचा प्रश्न विचारत राहिले. उत्तरांच्या चार वह्या भरल्या.

लेखनाच्या नमुन्यात या सगळ्याचं इंग्रजी करताना 'सोडत' या शब्दापाशी मी दोन दिवस अडले. लॉटरी म्हटलं की तिकीट आणि बक्षीस डोळ्यांसमोर येतं. तहसीलातला तो घाम, ते 'गेलं', त्यात येत नाही. शेवटी मी 'सोडत' तसाच ठेवला आणि पहिल्याच पानावर त्याचं वर्णन केलं.

आता ज्या खोलीत माझा अर्ज वाचला जातो तिच्याविषयी. समितीत पाच-सहा प्राध्यापक असतात. समोर काहीशे अर्ज, जागा दहा-पंधरा, कधी त्याहून कमी. पहिल्या चाळणीत बरेच अर्ज बाजूला होतात. पण पुढे उरलेल्यांतले बहुतेक जण घेण्यासारखेच असतात आणि मग दुसऱ्या गोष्टी ठरवतात. ज्या बाई दक्षिण आशियावर काम करतात त्या पुढची दोन वर्षं रजेवर आहेत का, त्यांच्याकडे आधीच विद्यार्थी जास्त आहेत का, गेल्या वर्षी तुलनात्मकमध्ये जास्त मुलं घेतली म्हणून यंदा सिद्धांताची पाळी आहे का, भारतावरचाच आणखी एक चांगला अर्ज आलाय का. याला ते 'फिट' म्हणतात. माझ्या हाती यातलं काही नाही, आणि यातलं काही मला कधी कळणारही नाही. नकाराच्या पत्रात कारण लिहीत नाहीत.

या कारण नसण्यानं मला सगळ्यात जास्त छळलं. नकार मी सोसू शकते, एवढं आता माहीत झालंय. पण तो निवडीतून आला की सोडतीतून, हे कळायला हवं असं वाटत राहिलं. निवड असेल तर माझ्या कामात काहीतरी कमी आहे, ते मला सांगा, मी शिकेन. सोडत असेल तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही. रात्री दोन वाजता मन दोन्हीकडं धावायचं. वाईट बातमी आली की सोडत होती म्हणायचं, चांगल्याची आशा वाटली की निवड होईल म्हणायचं. मग लख्ख दिसायचं की सोडत असेल तर होकारसुद्धा माझा नाही. आणि तेव्हा काकी डोळ्यांसमोर यायची. पाच वर्षं तिनं हेच अंगावर घेऊन पंचायतीच्या पायऱ्या चढल्या होत्या.

पहिलं पत्र महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात आलं. रात्री सव्वाबाराला. 'तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे, पोर्टल पाहा.' एव्हाना मला एवढं कळलं होतं की होकार बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या नावानं येतो, कधी फोनही येतो. पोर्टल बघायला सांगणारा ईमेल बहुतेक वेळा दुसरी बातमी आणतो. तरी पासवर्ड टाकताना हात थरथरले आणि दोनदा चुकला. पत्र चांगल्या भाषेत होतं. मी ते तीनदा वाचलं, वहीत तारीख लिहिली आणि सोप्यात बसून राहिले. ट्रॅक्टर येत-जात होते. साडेचारला अण्णांनी विचारलं, "आलं का गं?" मी म्हटलं, "एक आलं. नाही म्हणाले." ते उंबऱ्यात थांबले. मग बादली खाली ठेवून माझ्याजवळ बसले, बराच वेळ. त्या दिवशी धारा काढायला उशीर झाला आणि डेअरीची पहिली गाडी चुकली.

नंतर तीन आली. ती येण्याच्या वेळा मला मिनिटासकट आठवतात, पण सांगण्यासारखं त्यात काही नाही.

यंदाचं वर्ष तसंही वेगळं आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत संशोधनाचा सरकारी पैसा आटला, मोठ्या विद्यापीठांच्या गंगाजळीवरचा कर १.४ टक्क्यांवरून कमाल ८ टक्क्यांपर्यंत नेणारा कायदा झाला, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी पीएच.डी.च्या जागा कापल्या गेल्या. काही विभागांनी एका वर्षासाठी प्रवेशच थांबवले. मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं काही आठवडे बंद होतं. हे सगळं मी अभ्यासाचा विषय म्हणून वाचत होते. संस्था, अंदाजपत्रक, अध्यक्षाचे अधिकार, न्यायालयं. मग एका रात्री जाणवलं की या वाक्यांत मीही आहे, खाली कुठंतरी, एका कमी झालेल्या जागेच्या रूपात.

आमच्या गावच्या शाळेत बाबासाहेबांची तसबीर आहे, कोट-टायमधली. लहानपणी ती रोज बघितली, पण वाट बघण्याच्या अंगानं त्यांच्याकडं कधी बघितलं नव्हतं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा विषय अर्थशास्त्र, पण प्रबंध तिथल्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाला. त्या काळी तिथं छापील प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. प्रबंध पुस्तकरूपात आला १९२५ साली आणि पीएच.डी. मिळाली जून १९२७ मध्ये. मधल्या वर्षांत शिष्यवृत्तीची मुदत संपून परतावं लागलं, सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, 'मूकनायक' काढलं, पुन्हा लंडनला जाऊन डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी पुरी केली. आणि २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा कोलंबियाची पदवी अजून यायची होती. माझ्या सात आठवड्यांशी याची तुलना करायची माझी हिंमत नाही. पण तारखांचा हा क्रम मी कागदावर लिहून सोप्यातल्या कोनाड्यात ठेवला आहे.

८ मार्चला तिकडची घड्याळं तासभर पुढं गेली. आपल्यात आणि न्यूयॉर्कमध्ये आता साडेनऊ तास. मला एक तास झोप परत मिळाली. त्याच आठवड्यात, गुरुवारी रात्री, एका विभागाचं पत्र आलं, प्राध्यापकाच्या नावानं. मी नाव वाचलं आणि श्वास घ्यायची थांबले. प्रतीक्षायादी. 'तुमच्या प्रश्नात आम्हाला रस आहे, पण सध्या जागा देऊ शकत नाही.' अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेला एक ठराव आहे: आर्थिक मदतीसह प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत निर्णय घ्यायची मुभा द्यायची. म्हणजे ज्यांना होकार आलेत ते १५ एप्रिलपर्यंत कुठं जायचं ते ठरवणार, कुणीतरी दुसरीकडं जाणार, आणि तसं झालं तर एक जागा मोकळी होणार. ते कोण आहेत, मला माहीत नाही. कुठल्यातरी शहरात माझ्याच वयाचं कुणीतरी दोन पत्रं समोर ठेवून विचार करत असेल. त्यांच्याविषयी माझ्या मनात काही वाईट येत नाही. त्यांनीही हे महिने असेच काढले असणार.

अण्णांना प्रतीक्षायादी लगेच कळली. "म्हणजे रेल्वेसारखं. चार्ट लागेपर्यंत सांगता येत नाही."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकीकडं गेले. बाहेर गुढीचा कडुनिंबाचा पाला अजून उंबऱ्यापाशी पडला होता. ती शेंगा फोडत होती. मी चार वह्या भरून शंभर बायकांना विचारलं असेल, पण काकीला नीट, समोर बसून, कधी विचारलं नव्हतं. भीती वाटायची की ती म्हणेल, मला तेव्हाही नको होतं आणि नंतरही.

तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि कपाटातून एक पिशवी घेऊन आली. पिशवीत तिच्या पाच वर्षांतल्या ग्रामसभांच्या प्रोसिडिंगच्या झेरॉक्स होत्या. पद सोडताना तिनं स्वतःच्या पैशानं काढून घेतल्या होत्या, एक रुपया पान. कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या सभेखालची तिची सही बारीक, एका कोपऱ्यात, ग्रामसेवकाच्या सहीला जागा सोडून. आम्ही पानं उलटत गेलो. वरच्या वस्तीच्या पाइपलाइनचा ठराव तिसऱ्या वर्षीचा. तोवर सही मोठी झालेली, खाली एक रेघ मारलेली.

"पहिलं वरीसभर मी पण वाट बघत हुते," काकी म्हणाली. "कुणीतरी येऊन म्हणंल, तू खरी सरपंच हाईस. चिठ्ठीची न्हाईस."

"मग? कोण म्हणालं?"

"कोण न्हाई." तिनं पाइपलाइनच्या ठरावावर बोट ठेवलं. "मग ह्ये आलं. टेंडर, मोजणी, वरच्या वस्तीतल्या बाया रोज दारात. त्यात ध्यानातच राहिलं न्हाई."

"आणि परत का उभी राहिली नाहीस?"

ती थोडा वेळ शेंगांकडं बघत राहिली. अंगणात कुणी नाही ना, ते तिनं पाहिलं. मग म्हणाली, "वही आणलीस का?"

मी आणली होती. पेन मात्र घरी राहिलं होतं. तिनं नातवाच्या दप्तरातून पेन्सिल काढून दिली, सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि सांगायला लागली.